सलाईनमधून अँटिबायोटिक देताना: वॉर्डात रोज विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या वॉर्डांत माझी तेवीस वर्षं गेली. दरवर्षी जुलैच्या सुमारास नवीन मुली रुजू होतात, आणि नेमका त्याच वेळी वॉर्ड तापाच्या पेशंटनी फुगलेला असतो. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, सगळे एकदम. एका खाटेच्या शेजारी जमिनीवर दुसरी गादी असते. अशा वेळी ट्रॉलीपाशी उभं राहून जे प्रश्न कानावर येतात, ते इथे लिहून ठेवते आहे. बहुतेक प्रश्न नव्या सिस्टरांचे आहेत, थोडे नातेवाइकांचे.

एक गोष्ट आधीच सांगते. कोणतं औषध, किती, दिवसातून किती वेळा, हे डॉक्टर ठरवतात. खोक्यातलं माहितीपत्रक आणि तुमच्या हॉस्पिटलचा चार्ट माझ्या लिहिण्याच्या वरचा. इथले आकडे मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांचं जिथे आहे तिथे वेगळं लिहिलंय.

अँटिबायोटिक पातळ कशाला करायचं? सिरिंजने थेट शिरेत का नाही?

काही औषधं थेट चालतात. मेरोपेनेम १ ग्रॅम २० एमएलमध्ये विरघळवून पाचेक मिनिटांत सावकाश देता येतं. सेफ्ट्रिअॅक्सोनही तसंच. पण क्लिंडामायसिन पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. अॅझिथ्रोमायसिन आणि व्हॅन्कोमायसिनही कधीच ढकलायची नाहीत. शिवाय दाट औषध शिरेची आतली बाजू भाजून काढतं. आज चांगली दिसणारी शीर उद्या दोरीसारखी कडक होते, आणि मग पेशंटच्या दोन्ही हातांवर शीर शोधत बसायची पाळी आपलीच.

विरघळवणं आणि पातळ करणं एकच ना?

नाही. व्हायलमधल्या (औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीतल्या) पावडरीत थोडं पाणी घालून तिचं द्रावण करणं ही पहिली पायरी. ते द्रावण १०० किंवा २५० एमएलच्या बाटलीत घालणं ही दुसरी. दोन्हींसाठी लागणारं पाणी वेगळं असू शकतं. उदाहरणार्थ, अॅझिथ्रोमायसिन ५०० एमजीमध्ये ४.८ एमएल डिस्टिल वॉटर घालायचं म्हणजे दर एमएलला १०० एमजी होतं. मग ते सगळं २५० एमएल एनएस (मीठपाणी) किंवा डी-५ (साखरेचं पाणी) मध्ये घालून तासाभरात द्यायचं. ५०० एमएलमध्ये केलं तर तीन तास. पहिली पायरी झाली म्हणून थांबलात तर हातात आहे ते अजून देण्याजोगं औषध नाही.

पावडर डिस्टिल वॉटरमध्येच विरघळते, तर बाटलीही त्याचीच लावली तर?

अजिबात नको. दहा एमएल पाणी औषधासकट गेलं तर चालतं. पण नुसतं पाणी शंभर-दोनशे एमएल शिरेत गेलं, तर रक्तातल्या लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. मूग रात्रभर भिजवल्यावर फुगतात ना, तशाच. फरक एवढाच की पेशींना फुटायला रात्र लागत नाही. आणि नातेवाइकांसाठी: उकळून गार केलेलं पाणी, फिल्टरचं पाणी, बाटलीबंद पाणी, यातलं काहीही नाही. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय, म्हणून लिहिलं.

अॅम्प्युल सगळे सारखेच दिसतात. घाईत काय बघू?

नाव. प्रत्येक वेळी. पोटॅशियम क्लोराईडचा १० एमएलचा अॅम्प्युल आणि डिस्टिल वॉटरचा अॅम्प्युल ट्रॉलीवर शेजारी पडले तर रात्री तीन वाजता जुळे भाऊ वाटतात. पोटॅशियमने औषध विरघळवून शिरेत दिलं तर पेशंट हातातून जाऊ शकतो. म्हणून आमच्या वॉर्डात केसीएल ट्रॉलीवर नसतंच. वेगळ्या कपाटात, लाल चिठ्ठी लावलेल्या डब्यात. अॅम्प्युल फोडण्याआधी एकदा, औषध ओढताना एकदा, फेकताना एकदा, असं तीनदा नाव वाचायची सवय लावा. हसतील, हसू द्या.

एनएस, डी-५, डीएनएस, आरएल... कशात काय घालायचं?

हाच खरा प्रश्न, आणि यावर "सगळं एनएसमध्ये चालतं" हे अर्धवट उत्तर आहे.

एनएस म्हणजे ०.९ टक्के मीठपाणी. डी-५ म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, साखरेचं पाणी. डीएनएस म्हणजे दोन्ही एकत्र. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्यात मिठाबरोबर इतर क्षारही असतात. बहुतेक अँटिबायोटिक्सना ते मानवतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली काही औषधं तर एनएसमध्येच द्यावीत. अँपिसिलिन साखरेच्या पाण्यात भराभर बिघडतं. ऑगमेंटिन, म्हणजे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिड, तेही डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही. १.२ ग्रॅमची व्हायल २० एमएल पाण्यात विरघळवली की वीस मिनिटांच्या आत १०० एमएल एनएसमध्ये गेली पाहिजे, आणि तीस ते चाळीस मिनिटांत आत. विरघळवताना क्षणभर गुलाबी झाक आली तर घाबरू नका. ती जाते आणि फिकट पिवळसर राहतं.

मेरोपेनेम एनएसमध्ये बरं टिकतं, डी-५ मध्ये लवकर बिघडतं. डॉक्टरांनी डी-५ च सांगितलं असेल तर बनवलं की लगेच लावायचं, चहाला जायचं नाही. इमिपेनेम ५०० एमजी १०० एमएलमध्ये वीस-तीस मिनिटांत जातं, १ ग्रॅम असेल तर चाळीस ते साठ मिनिटं. त्याची विरघळवलेली व्हायल तशीच शिरेत द्यायची नाही. ती गढूळ असते, बाटलीत पूर्ण मिसळून पारदर्शक झाली पाहिजे.

पिपटाझ, म्हणजे पिपरासिलिन-टाझोबॅक्टम, ४.५ ग्रॅम. २० एमएलमध्ये विरघळायला सतत फिरवूनही पाच-दहा मिनिटं लागू शकतात, म्हणून आधीच हातात घ्या. मग एनएस किंवा डी-५. आरएल नको. काही उत्पादनांत ईडीटीए नावाचं रसायन घातलेलं असतं आणि ती आरएलमध्ये चालतात, पण आपल्या हातातलं तेच आहे हे पत्रकात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाहीच असं धरून चाला.

अॅमिकॅसिन, जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन हे तिघं एनएस किंवा डी-५ दोन्हींत सुखी.

उलट्या स्वभावाचं एकच औषध सगळ्यांनी पाठ करावं: अँफोटेरिसिन-बी. हे बुरशीवरचं, पण हातात आपल्याच येतं. ते फक्त डी-५ मध्ये. मिठाचा थेंबही नको, साका बसतो. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही शिकावं लागलं. लाईनमध्ये आधीचं एनएस असेल तर ती डी-५ ने धुवा. इथे "फ्लश म्हणजे एनएस" ही हाताची सवय घात करते.

सेफ्ट्रिअॅक्सोन आणि आरएल एकत्र का नाही? रोज तर देतात.

आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिअॅक्सोन कॅल्शियमला धरून ठेवतं आणि दोघांचा न विरघळणारा चुरा होतो. हिमॅक्सेलमध्येही (शिरेतून देतात त्या जिलेटिनच्या द्रावणात) कॅल्शियम आहे, हे विसरलं जातं.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगते. रात्रपाळी, लेप्टोचा पेशंट, किडन्या बसलेल्या, पोटॅशियम चढलेलं. रेसिडेंटने कॅल्शियम ग्लुकोनेट सांगितलं, ते मी दिलं. लगेच पुढचं नाव सेफ्ट्रिअॅक्सोन होतं. लाईन न धुता मी त्याच पोर्टमधून सिरिंज लावली. पहिला एमएल गेला असेल नसेल, नळीत ताकाचा शिंतोडा पडावा तसा पांढरा ढग उठला. हात थिजला माझा. क्लॅम्प बंद केला, नळी हातापासून काढली, सगळा सेट बदलला, रेसिडेंटला उठवलं. पेशंटला काही झालं नाही. सकाळी परिसेविकेला सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या सिरिंजमध्ये तीच दोन औषधं माझ्याच हाताने मिसळायला लावली आणि म्हणाल्या, "बघ नीट. हे फुप्फुसात गेलं असतं."

आता महत्त्वाचं. कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये कॅल्शियम भरपूर, म्हणून ढग लगेच दिसला. आरएलमध्ये ते थोडं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसेलच असं नाही. "मी तर कितीदा दिलं, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: दिसलं नाही आणि झालं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या माणसाला एकामागून एक द्यायचं असेल तर आरएल बंद, लाईन एनएसने नीट धुवायची, सेफ्ट्रिअॅक्सोन, पुन्हा धुवायची, मग आरएल. बाटलीत मिसळणं किंवा वाय पोर्टमधून (नळीच्या दुसऱ्या फाट्यातून) एकाच वेळी सोडणं, दोन्ही बंद.

नवजात बाळांनाही धुवून चालेल?

नाही. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिअॅक्सोन द्यायचंच नाही. फुप्फुसांत आणि किडन्यांत साका सापडून बाळं दगावल्याची नोंद आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावरून इशारा दिला. कावीळ असलेल्या बाळालाही ते नको, कारण ते बिलिरुबिनला त्याच्या जागेवरून हुसकावतं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बहुधा सेफोटॅक्सिम का लिहिलेलं असतं, त्याचं हे उत्तर.

व्हॅन्कोमायसिनला एवढा वेळ का? बाजूच्या पेशंटची बाटली कधीच संपली.

नातेवाईक हे रोज विचारतात आणि कधी कधी स्वतःच रेग्युलेटर फिरवतात. व्हॅन्को भरभर गेलं की चेहरा, मान, छाती लालबुंद होते, खाज सुटते, बीपी पडू शकतं. ही प्रत्येक वेळी अॅलर्जी नसते. वेगाची शिक्षा असते. नियम दोन: दर एमएलला ५ एमजीपेक्षा दाट नको, आणि मिनिटाला १० एमजीपेक्षा जास्त नको. म्हणजे १ ग्रॅमला किमान २०० एमएल आणि किमान शंभर मिनिटं. आम्ही २५० घेतो, हिशोब सोपा जातो. डोस कितीही लहान असला तरी तासाच्या आत संपवायचं नाही. मी रेग्युलेटरच्या वर मायक्रोपोरची पट्टी लावते आणि लिहिते: "हात लावू नका, सिस्टरला बोलवा." पट्टीचा मान लोक राखतात, तोंडी सांगण्याचा नाही.

पंप नाही. थेंब कसे मोजू?

सेटच्या पाकिटावर एका एमएलला किती थेंब ते छापलेलं असतं. साध्या सेटला बहुधा २०, मायक्रोला ६०. एमएल गुणिले थेंब, भागिले मिनिटं.

१०० एमएल अर्ध्या तासात: १०० × २० ÷ ३० म्हणजे मिनिटाला साधारण ६७ थेंब. व्हॅन्कोचे २५० एमएल शंभर मिनिटांत: २५० × २० ÷ १०० म्हणजे ५०. पूर्ण मिनिट उभं राहायला वेळ नसतो हे मला माहीत आहे. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. पण दहा मिनिटांनी परत या. पेशंट कोपर दुमडतो, कूस बदलतो, आणि पन्नासचे वीस किंवा नव्वद झालेले असतात.

दोन अँटिबायोटिक्स एकाच बाटलीत घातली तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, औषध वाचणार नाही. पिपटाझसारखी औषधं आणि जेंटामायसिन-अॅमिकॅसिन एका बाटलीत घातली तर एक दुसऱ्याला निकामी करतं. कागदावर दोन औषधं, पेशंटला दीड. वेगळी बाटली, मधे लाईन धुणं. पॅन्टोप्राझोलची (अॅसिडिटीवरच्या पॅन्टॉपची) सवयही सोडा. सकाळी पॅन्टॉप, उलटीवरचं एमसेट आणि अँटिबायोटिक एकाच पोर्टमधून एकापाठोपाठ जातात. पॅन्टॉप अल्कधर्मी आहे, बऱ्याच औषधांशी त्याचं पटत नाही. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर एनएस.

व्हायल जोरात हलवू का?

औषधावर आहे. मेरोपेनेम पारदर्शक होईपर्यंत हलवा. टायकोप्लॅनिन आणि कोलिस्टिन मात्र तळहातांत रवीसारखं हळू फिरवा. हलवलं की फेस, आणि फेसात औषध अडकतं. तुम्ही १० एमएल ओढलं असं समजता, सिरिंजमध्ये निम्मा फेस असतो. टायकोप्लॅनिनला फेस आलाच तर व्हायल पंधरा मिनिटं उभी ठेवा.

सेफ्टाझिडिममध्ये पाणी घातलं तर सिरिंजचा दट्ट्या आपोआप वर आला. व्हायल खराब आहे का?

नाही. त्यात कार्बोनेट असतं, पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साईड सुटतो, सोड्याच्या बाटलीसारखा. दट्ट्या अंगठ्याखाली ढकलत वर येतो तेव्हा पहिल्यांदा सगळेच दचकतात. पाणी घातलं की सुई काढा, विरघळू द्या, मग वायू बाहेर जाऊ देऊन औषध ओढा. नाही तर ते तोंडावर उडतं. चष्म्यावर घेतलंय मी.

रंग बदलला तर फेकायचं?

सेफ्ट्रिअॅक्सोन फिकट पिवळं ते जरा गडद, ठीक. लिनेझोलिडची तयार बाटली पिवळी असते, पिवळेपणा वाढला तरी ताकद कमी होत नाही. टायजेसायक्लिन पिवळं ते नारिंगी हवं. हिरवं किंवा काळं झालं तर फेकून द्या. कण, धागे, ढग दिसले तर औषध कोणतंही असो, देऊ नका. बाटली पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघा, मग काळ्या फाईलसमोर. पांढरे कण काळ्यावरच दिसतात.

सकाळची सगळी अँटिबायोटिक्स पहाटे पाचला बनवून ठेवली तर?

माहितीपत्रकावर "खोलीच्या तापमानाला अमुक तास" असं लिहिलेलं असतं, ती खोली बहुधा २५ अंशांची असते. आपला मे महिन्यातला वॉर्ड, पंख्याखालीसुद्धा, तिशी ओलांडून असतो, आणि खिडकीजवळच्या ट्रॉलीवर उन्हाची तिरीप पडत असते. म्हणजे पत्रकावरचे तास आपल्याला लागू पडत नाहीत, त्याहून कमी मिळतात. बिघडलेलं मेरोपेनेम बाहेरून तसंच दिसतं. पेशंटचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरत नाही, आणि राउंडला सगळे म्हणतात जंतू चिवट आहे. असेलही. पण पाचला बनवून साडेआठला लावलेलं औषध कुणीच आठवत नाही.

म्हणून लावायच्या वेळी बनवा. पत्रक परवानगी देत असेल तर २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये, झाकून, वेळ लिहून. ज्या फ्रिजमध्ये आपले डबे आणि मावशींचं दही असतं, तो औषधांचा फ्रिज नव्हे. मेट्रोनिडाझोलची बाटली मात्र फ्रिजमध्ये घालू नका, साका बसतो.

बाटली रिकामी झाली, सेट काढू?

थांबा. नळीत आणि चेंबरमध्ये साधारण १५-२० एमएल औषध अजून आहे. १०० एमएलच्या बाटलीत हा डोसचा पाचवा-सहावा हिस्सा झाला. दिवसातून तीनदा काढून फेकलं तर हिशोब करा. त्याच वेगाने थोडं एनएस सोडून नळी रिकामी करा. पेशंटला पाणी मोजून द्यायचं असेल, किडनी किंवा हार्टचा असेल, तर हे एनएसही इनटेकमध्ये लिहा.

लहान मुलांचा डोस काढताना मोठी चूक कुठे होते?

पावडर जागा खाते, हे विसरण्यात. ऑगमेंटिन १.२ ग्रॅममध्ये २० एमएल पाणी घातलं की एकूण २०.९ एमएल होतं, २० नव्हे. पूर्ण व्हायल द्यायची तर फरक पडत नाही. पण बाळाला त्यातला चौथा हिस्सा द्यायचा असेल तर पडतो. सेफ्ट्रिअॅक्सोन १ ग्रॅमच्या काही व्हायलवर म्हणूनच ९.६ एमएल घालायला सांगतात; मग बरोबर दर एमएलला १०० एमजी मिळतं. किती पाणी घालायचं ते त्या कंपनीच्या पत्रकावरून, शेजारच्या सिस्टरच्या आठवणीवरून नव्हे. हिशोब दोघींनी वेगवेगळा करायचा आणि मग उत्तरं जुळवायची. एकीने करून दुसरीने "हो हो" म्हणणं म्हणजे तपासणी नाही.

कोलिस्टिनची ऑर्डर युनिटमध्ये, व्हायल एमजीमध्ये. काय करू?

फोन. १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे साधारण ८० एमजी, पण कोलिस्टिन बेसचे म्हणून मोजले तर तीसेकच. नुसतं "एमजी" लिहिलं असेल तर कोणतं एमजी हे तुम्ही ठरवायचं नाही, आणि हे औषध किडनीला क्षमा करत नाही. रेसिडेंट चिडेल, चिडू दे, युनिटमध्ये लिहून घ्या.

पेनिसिलिन शिरेतून चालतं ना? मग बेंझाथीन?

कधीच नाही. बेंझाथीन पेनिसिलिन फक्त स्नायूत, कमरेत खोल. ते दुधासारखं असतं. शिरेत गेलं तर हृदय बंद पडून मृत्यू झालेले आहेत. तसंच स्नायूत देण्यासाठी लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) विरघळवलेलं सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेत देऊ नका. काही व्हायलच्या खोक्यात लिग्नोकेनचा अॅम्प्युल जोडीला येतो, घाईत तोच उचलला जातो.

टेस्ट डोस निगेटिव्ह आला म्हणजे बिनधास्त?

नाही. त्वचेवर काही उठलं नाही म्हणून रिअॅक्शन येणारच नाही अशी हमी नाही. आधी कधी अंगावर पित्त उठलं होतं का, दम लागला होता का, हे पेशंटला त्याच्या भाषेत विचारा. "अॅलर्जी आहे का" विचारलं की सगळे नाही म्हणतात. पहिली पाच-दहा मिनिटं पेशंटजवळ राहा. ओठ सुजले, दम लागला, बीपी पडलं तर औषध बंद, लाईन चालू ठेवून अॅड्रेनॅलिन, मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि डॉक्टरांना हाक. ते अॅम्प्युल ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असलं पाहिजे, कपाटात कुलूपबंद नव्हे. नंतर रिअॅक्शनची नोंद करा. देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा फुकट फोन १८००-१८०-३०२४ आहे, नातेवाईकही करू शकतात.

बाटली लवकर पडावी म्हणून वर सुई टोचली तर?

जुन्या वॉर्डांत अजून दिसतं हे. सुईतून जी हवा आत जाते ती वॉर्डची हवा आहे, खोकल्याची, धुळीची. हवा लागत असेल तर एअर-व्हेंट असलेला सेट घ्या.

नातेवाइकांनी बाहेरून आणलेली व्हायल वेगळ्या कंपनीची आहे. चालेल?

औषधाचं नाव आणि ताकद डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे असेल तर चालेल, पण विरघळवायचं प्रमाण नवीन पत्रकावरून घ्या. पत्रकाचा कागद खोक्यासकट द्यायला सांगा. लोक प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारातून घाऊक आणतात आणि खोकी तिथेच टाकून येतात. मे महिन्यात लोकलच्या गर्दीत दीड तास खिशात ठेवलेली, फ्रिजमध्ये ठेवायची व्हायल असेल तर सरळ विचारा, बर्फाची पिशवी होती का. बिल हवंच. सेफ्ट्रिअॅक्सोन, मेरोपेनेम ही शेड्यूल एच-१ मधली औषधं आहेत. दुकानदाराने चिठ्ठी बघून नोंद करूनच द्यायची असतात.

घरी सिस्टर बोलावून अँटिबायोटिक पूर्ण करता येईल?

डॉक्टरांनी लिहून दिलं तर येतं. पहिला डोस मात्र हॉस्पिटलमध्येच. घरी वर सांगितलेलं सगळं लागू आहे: स्वच्छ टेबल, हात धुणं, वेळ मोजणं, अॅड्रेनॅलिन जवळ. पंख्याच्या हुकाला बाटली टांगून सिस्टर दहा मिनिटांत निघाली, तर तिला पैसे देऊ नका.

हात सुजला, दुखतोय. बाटली संपेपर्यंत चालवू?

नाही. बंद करा, कॅन्युला काढा, नवी जागा शोधा. "पाचच मिनिटं राहिलीत" हे वाक्य मी पेशंटला भोगायला लावलंय, आजही लाज वाटते.

बाटलीवर काय लिहू?

पेशंटचं नाव, खाट, औषध, डोस, कशात घातलं, किती वाजता, कोणी. मायक्रोपोरवर लिहून चिकटवा. प्लास्टिकच्या बाटलीवर थेट मार्कर चालवू नका, शाई आत झिरपू शकते. "बेड १२ मेरो" एवढंच लिहिलेली बाटली मला दिसली तर ती मी काढते, कारण दुपारी बेड १२ वर दुसरा माणूस असतो.

उरलेलं औषध आणि कचरा?

अर्धी उरलेली व्हायल पुढच्या पेशंटला ठेवायची नाही, व्हायलवर तशी परवानगी छापलेली नसेल तर. बेसिनमध्येही ओतायची नाही. गटारातल्या जंतूंना शिकवणी कशाला? २०१६ च्या नियमांप्रमाणे फेकायचं औषध पिवळ्या पिशवीत. नळी, रिकामी प्लास्टिकची बाटली, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. काचेची रिकामी व्हायल आणि फुटलेला अॅम्प्युल निळ्या खुणेच्या डब्यात. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, आणि टोपी परत न लावता. पिशवी बांधून नेणाऱ्या मामांच्या हातात हातमोजे आहेत की नाहीत, तेही जाता जाता बघा.